आधी इसार, मग ब्रश

भाचीचा फोन आला. कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडली आहे, हात चांगला आहे, घरच्यांना मात्र तिनं नोकरी करावी असं वाटतंय. "मामा, तुमच्यासारखा धंदा काढायचा तर आधी काय घेऊ? ब्रश कुठले?" म्हटलं, दोनशे पानी वही घे. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी पाट्या रंगवणारा पेंटर. कोल्हापुरात हा शब्द आडनावासारखा चिकटतो. बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवायचे, ते बाबूराव पेंटर झाले आणि पुढं सिनेमे काढले तरी पेंटरच राहिले. माझी उडी एवढी नाही. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे फाळके, तालमींच्या म्हणजे आमच्याकडच्या तरुण मंडळांच्या कमानी, निवडणुकीच्या भिंती. मग फ्लेक्स आला. माझं चार दिवसांचं काम रात्रीत छापून सकाळी चौकात उभं राहायला लागलं. पाच वर्षं मी एका फ्लेक्सवाल्याकडंच संगणकावर अक्षरं ओढत बसलो. त्याची लाज नाही वाटली, पण बोटं आखडली. २०१६ साली एका वकीलसाहेबांनी घरासाठी हातानं रंगवलेली नावाची पाटी मागितली आणि तिथनं परत ब्रश धरला.

वहीत प्रत्येक कामाला एक पान द्यायचं. त्यावर माल किती लागला, वेळ किती गेला, इसार म्हणजे आगाऊ रक्कम किती आली, बाकी किती राहिली. यातला वेळ कुणी लिहीत नाही. मीही लिहीत नव्हतो. पहिल्या वर्षी १८ बाय ८ इंची पाटी ६०० रुपयांना द्यायचो आणि खूश असायचो. बायकोनं एकदा पान समोर ठेवून हिशेब मांडला. प्लाय, प्रायमर, रंग, वॉर्निश, स्क्रू मिळून ३१०. खोका आणि कुरिअर ११०. उरले १८०. घासणं-प्रायमरला दोन तास, अक्षरांना तीन, वॉर्निश आणि पॅकिंगला एक, आणि "दादा, जरा निळा गडद करता का" या फोनांना एक. सात तासांचे १८० रुपये. "बिगाऱ्याला पण कुणी एवढ्यात बोलवत नाही," ती म्हणाली.

तेव्हापासून तासाला १५० धरतो. पाटी १,५०० ची झाली. महिन्याला वीस पाट्या जायच्या त्या आठवर आल्या. तीन महिने झोप लागली नाही, हे खरं सांगतो. पण वही काढून बघितलं, तर विसाचे हातात ३,६०० उरायचे आणि आठाचे ८,६४० उरत होते. शिवाय रविवार मोकळा. दर वाढवल्यावर गिऱ्हाईक कमी होणारच, त्यानं घाबरून महिन्याभरात दर खाली आणू नका. घासाघीस करणाऱ्याला पाटी लहान करून द्या, सोनेरी किनार काढून टाका, पण तास कापू नका.

इसार निम्मा. तो आल्याशिवाय प्लायला करवत लावायची नाही. हे मी फुकट शिकलो नाही. एका तालमीची गणपतीची कमान रंगवली होती, ११ हजारांचं काम. पोरं ओळखीची, त्यांच्या फुटबॉलच्या मॅचला मी स्वतः ओरडायला जायचो. विसर्जन झालं, अध्यक्ष बदलला, पुढचा म्हणाला मागच्याला विचारा. ते ११ हजार वहीत अजून येणं दिसतात. परक्याकडं पैसे मागायला जड जात नाही, ओळखीच्याकडं जातं. त्यासाठी मी पावतीपुस्तक छापून घेतलं. त्यावर "निम्मी रक्कम आगाऊ" असं आधीच छापलंय. तोंडानं मागत नाही, पुस्तक पुढं सरकवतो. छापील अक्षरापुढं माणूस वाद घालत नाही, ही गंमतच आहे.

दुसरं, नाव गिऱ्हाइकाकडून देवनागरीत लिहून घ्या. एकानं इंग्रजी अक्षरांत 'मातृछाया' पाठवलं, मी ते तसंच देवनागरीत रंगवलं. घ्यायला आले त्यांचे वडील, निवृत्त संस्कृत शिक्षक. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पेंटर, ऋ ऱ्हस्व आहे. पुढच्या छला च लागतो. मातृच्छाया." पाटी दुसरी करून द्यावी लागली, माल माझा, तास माझे. पहिली अजून गाळ्यात टांगलेली आहे. आता कागदावर पेन्सिलनं अक्षरं बसवून फोटो पाठवतो आणि तिकडून लेखी "ठीक" आल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाही.

वकीलसाहेबांमुळं कळलेली एक गोष्ट बऱ्याच चित्रकारांना माहीत नसते. एका मिसळवाल्यानं भिंतीवर चित्र काढून घेतलं. फेटेवाला बाबा, हातात कटाची वाटी. वर्षभरानं तोच बाबा त्यांच्या मसाल्याच्या पाकिटावर छापलेला दिसला. मी तावातावानं वकीलसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की पैसे देऊन कुणी आपल्यासाठी चित्र काढून घेतलं, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तेव्हा पहिला मालक तो काढून घेणारा. मी ठरवलंच नव्हतं काही. गप घरी आलो, मिसळ खायची तेवढी बंद केली. आता बिलावर एक ओळ असते: चित्राचे हक्क चित्रकाराकडे, इतरत्र छापायचे झाल्यास वेगळा दर. त्याखाली गिऱ्हाइकाची सही घेतो.

सरकारी कागदांचं फार मनावर घेऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्याचे पैसे मागणाऱ्याकडं जाऊ नका. दुकानात मोजकीच माणसं असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी, ऑनलाइन कळवलं की झालं. माल विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवणार असाल तर मात्र आधी सीएला विचारा. कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत, त्यात कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार सगळे आहेत. पाटी रंगवणारा नाही. असो.

प्रदर्शनात टेबल लावायचं का, हे भाचीनं विचारलं. इथल्या शाहू स्मारक भवनात मी एकदा तीन दिवस लावलं होतं. चार पाट्या गेल्या, भाडं जेमतेम निघालं. पण बसल्या जागी एका पाटीवर अक्षरं काढत होतो, ते बघायला लोक थांबायचे. तीस-एक नंबर वहीत आले आणि त्यातली नऊ कामं पुढं सहा महिन्यांत मिळाली. टेबलावर नुसता माल मांडून मोबाइल बघत बसायचं असेल तर जाऊ नका.

आता चढ-उताराचं. पाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत वास्तुशांतीची कामं, दसरा-दिवाळीला परत गर्दी. पितृपक्षात नवीन घराची पाटी कोण घेणार? आणि पावसाळ्यात काम असलं तरी रंग वाळत नाही. घाईनं मारलेलं वॉर्निश पांढरट पडतं. म्हणून जुलै-ऑगस्टात मी कापणं, घासणं आणि कागदावरची अक्षरं एवढंच करतो. दिवाळीचा पैसा बायको मोजून बाजूला काढते, त्यातनं पावसाळ्याचं भाडं जातं. एमडीएफ स्वस्त म्हणून वापरू नका, आपल्याकडच्या पावसात फुगतो. मरीन प्लायच घ्या आणि कडांना प्रायमरचे दोन हात मारा.

माझा गाळा सुतारवाड्याजवळ, पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं की आधी जिथं येतं तिथला. २०१९ च्या ऑगस्टात कापून ठेवलेल्या चाळीस पाट्या, सगळे डबे आणि दोन वर्षांच्या वह्या गेल्या. वह्यांचं जास्त वाईट वाटलं, कुणाकडं काय येणं आहे तेच पुसलं गेलं. त्यानंतर छताखाली लोखंडी माळा करून घेतला आणि रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो काढायला लागलो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही पाण्याची इशारा पातळी, ४३ ही धोक्याची. मी ३९ ची वाट बघत नाही, ३५ झाले की माल वर चढवायला घेतो. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा फक्त टेबल गेलं.

एवढं होऊन गाळा सोडत का नाही, असं सगळे विचारतात. भाडं कमी आहे. भाची म्हणते, अर्धा गाळा मला द्या, अर्धं भाडं मी भरते. हरकत नाही म्हटलं, इसार आण. माळा मात्र वाटून मिळणार नाही.