ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डसाठी बाबागाडी निवडताना

चार-पाच वर्षांचे मूल घरी बाबागाडीत बसायचे केव्हाच थांबलेले असते, त्यामुळे डिस्ने वर्ल्डच्या सहलीची तयारी करताना अनेक आईवडील गाडीचा विचारच करत नाहीत. सकाळी तो निर्णय बरोबरच वाटतो, कारण तेथील चार पार्कांपैकी एक असलेल्या मॅजिक किंगडमच्या फाटकातून मूल पळतच आत शिरते. रात्री किल्ल्यावरची आतषबाजी संपते तेव्हा तेच मूल खांद्यावर मान टाकून झोपलेले असते आणि सगळी गर्दी एकाच वेळी बाहेर पडत असल्यामुळे बसपर्यंतचे अंतर कापायला बराच वेळ लागतो. पहिल्या सहलीत आमच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला मी आणि माझ्या पत्नीने आळीपाळीने असेच वाहून आणले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचेही खांदे अवघडलेले होते. तेव्हापासून कोणी विचारले की मी एवढेच सांगतो, की मूल रात्री नऊ वाजता कसे असेल ते डोळ्यांपुढे आणून गाडी निवडावी.

पहिली गोष्ट वजनमर्यादेची. पाच वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १८ किलो असते आणि भारतात मिळणाऱ्या बऱ्याच गाड्यांवर १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे सहलीसाठी भारतातून येणाऱ्या कुटुंबांनी घरातली जुनी गाडी सोबत घेण्यापूर्वी तिच्यावरचा छापील मजकूर वाचावा. अमेरिकेत किंवा युरोपात मिळणाऱ्या अनेक गाड्या २२ किलोपर्यंतचे वजन पेलतात, आणि मोठ्या मुलासाठी याच गटातील गाडी पाहावी. वजनाइतकीच बसण्याची उंची महत्त्वाची आहे. मुलाला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवावे, बैठकीपासून डोक्यापर्यंतचे माप घ्यावे आणि गाडीची बैठक व टप यांतील अंतर त्यापेक्षा जास्त आहे याची खात्री करावी. डोके टपाला लागत असेल, तर मूल दहा मिनिटांत गाडीतून उतरते.

दुकानात रिकामी गाडी एका बोटानेही सरळ चालते, म्हणून तिची परीक्षा वजन ठेवूनच घ्यावी. इंडियन ग्रोसरीत मिळणाऱ्या तांदळाच्या २० पौंडी दोन पिशव्या मिळून साधारण १८ किलो भरतात. त्या बैठकीवर ठेवून पट्ट्याने बांधाव्यात आणि घरासमोरच्या पार्किंगमध्ये गाडी एका हाताने वळवून पाहावी, कारण पार्कमध्ये दुसऱ्या हातात बहुधा मोठे भावंड, पाण्याची बाटली किंवा फोन असतो. पुढची चाके थरथरत असतील किंवा वळताना सांगाडा पिळवटल्यासारखा वाटत असेल, तर ती गाडी घेऊ नये. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत, आणि त्यांच्या खाचेत लहान चाक अडकले की गाडी जागच्या जागी थांबते व मूल पुढे झुकते. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावेत आणि पट्टा बांधलेलाच ठेवावा. अॅनिमल किंगडम या दुसऱ्या पार्कमधील वाटा तर मुद्दामच खडबडीत केलेल्या आहेत, त्यामुळे पुढची चाके थोडी मोठी असलेली बरी.

यानंतर पार्कचे नियम पाहावेत, कारण चुकीची गाडी फाटकावरच अडवली जाते. १ मे २०१९ पासून डिस्ने वर्ल्डमध्ये ३१ इंचांपेक्षा रुंद किंवा ५२ इंचांपेक्षा लांब गाडी चालत नाही, आणि मुलांना बसवून ओढायची वॅगन, मग ती ढकलता येणारी असली तरी, आत नेता येत नाही. बहुतेक राइडच्या रांगेतही गाडी नेता येत नाही. ती बाहेर ठरवून दिलेल्या जागी ठेवावी लागते, आणि जागा करण्यासाठी तेथील कर्मचारी गाड्या इकडच्या तिकडे हलवत असतात. म्हणून गाडी एखाद्या खांबाला साखळीने बांधू नये आणि पासपोर्ट, पाकीट, औषधे कधीही गाडीत सोडू नयेत.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडीची घडी. हॉटेलवरून पार्ककडे जाणाऱ्या डिस्नेच्या बसमध्ये चढण्यापूर्वी गाडी मिटावी लागते, आणि पार्किंगमधून नेणाऱ्या ट्राममध्येही तसेच. मोनोरेलमध्ये आणि मॅजिक किंगडमकडे जाणाऱ्या फेरीबोटीत मात्र गाडी उघडीच नेता येते, त्यामुळे स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांना घडीचा त्रास कमी आणि बसने येणाऱ्यांना दिवसातून किमान दोनदा असतो. रात्री बस समोर येऊन उभी राहते तेव्हा झोपलेले मूल एका कडेवर असते, टोपलीतील सामान काढायचे असते आणि मागे रांग खोळंबलेली असते. अशा वेळी दोन खटके दाबून, पायाने कळ सरकवून आणि गाडी उलटी धरून मिटणारी रचना निरुपयोगी ठरते. एका हाताने मिटणारी, मिटल्यावर खांद्याला लावता येणारी आणि सात-आठ किलोंच्या आत वजन असलेली गाडी घ्यावी, आणि निघण्यापूर्वी घरातील प्रत्येक मोठ्या माणसाने, आजी-आजोबांसह, मुलाला कडेवर घेऊन ती मिटण्या-उघडण्याचा सराव करावा.

विकत घ्यायची नसेल, तर चारही पार्कांत भाड्याने गाडी मिळते. ती भक्कम असते आणि धावतेही हलकी, पण तिची बैठक कडक प्लास्टिकची असून मागे कलत नाही, त्यामुळे तान्ह्या बाळासाठी ती योग्य नाही आणि दुपारच्या झोपेसाठीही सोयीची नाही. शिवाय ती पार्कमध्येच परत करावी लागते, म्हणजे जेथे तिची खरी गरज असते त्या परतीच्या वाटेवर ती आपल्याजवळ नसते. फक्त एकच दिवस जाणार असाल आणि मूल दुपारी झोपत नसेल, तर हा पर्याय ठीक आहे. तीन-चार दिवस राहणाऱ्यांनी आपली गाडी आणावी किंवा बाहेरच्या एजन्सीकडून संपूर्ण मुक्कामासाठी घ्यावी, आणि ती कोठे व किती वाजता ताब्यात मिळेल ते आधी लेखी विचारून घ्यावे. स्वतःची गाडी विमानाने आणताना बहुतेक कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, पण मध्ये विमान बदलायचे असेल तर ती तेथे हातात मिळणार की थेट ऑर्लँडोला सामानाच्या पट्ट्यावर, हे चेक-इनच्या वेळीच विचारावे. झोपलेल्या मुलाला घेऊन परक्या विमानतळावर दोन तास काढायचे असतात, तेव्हा या उत्तराने फार फरक पडतो.

फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबरमध्ये, दुपारनंतर अचानक ढग भरून येतात आणि जोराची सर येते. टप गुडघ्यांपर्यंत ओढता येईल इतका लांब असावा, त्याला हवा जाण्यासाठी जाळी असावी आणि प्लास्टिकचे पावसाळी आवरण टोपलीत कायम असावे. गाडी बाहेर ठेवून राइडवर जाताना ते घालूनच जावे, म्हणजे परत आल्यावर बैठक कोरडी मिळते. मूल आत असताना मात्र पाऊस थांबल्याबरोबर ते काढावे. ऊन लागू नये म्हणून गाडीवर चादर किंवा ओढणी टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यामुळे आतली हवा कोंडून फार लवकर तापते आणि बाळाला धोका होऊ शकतो. पंखा लावा, पण कापडाने गाडी झाकू नका.

टोपली मोठी आणि मागून हात घालता येईल अशी असावी. स्वतःपुरते खाद्यपदार्थ आत नेता येतात, काचेची भांडी मात्र चालत नाहीत, त्यामुळे दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि पाण्याच्या बाटल्या सहज नेता येतात. हे सारे खाली ठेवावे. जड पिशवी हँडलला अडकवली, तर मूल उतरल्याक्षणी गाडी मागे कोलमडते, आणि मूल अर्धवट उतरलेले असेल तर त्यालाही लागते.

दोन मुले असतील तर शेजारी-शेजारी बसण्याची जोडगाडी घ्यावी की दोन स्वतंत्र गाड्या, याचे उत्तर सोबत किती मोठी माणसे आहेत त्यावर ठरते. एकटे पालक असाल तर जोडगाडीला पर्याय नाही. फक्त तिची रुंदी ३१ इंचांच्या आत आहे ना, हे टेप लावून पाहावे. दोघे किंवा अधिक असतील तर मी दोन हलक्या गाड्या सुचवीन. मॅजिक किंगडममधील स्पेस माउंटन या रोलर कोस्टरसाठी मुलाची किमान उंची ४४ इंच, म्हणजे ११२ सेंटिमीटर आहे, त्यामुळे मोठे मूल एका पालकाबरोबर आत जाते तेव्हा दुसरा पालक धाकट्याला घेऊन बाहेर थांबतो आणि नंतर रायडर स्विचच्या, म्हणजे पुन्हा पूर्ण रांग न लावता पालकांना आळीपाळीने राइड घेऊ देणाऱ्या सोयीने दोघे जागा बदलतात. त्या वेळात धाकट्याला सावलीत फिरवून झोपवायचे असेल, तर लांबरुंद जोडगाडीपेक्षा हलकी गाडी खूप सोयीची पडते.

गाडी ठरली की हँडलला घरातील एखाद्या जुन्या साडीची रंगीत काठाची पट्टी घट्ट बांधावी, कारण शेकडो काळ्या-करड्या गाड्यांच्या रांगेत, आणि तीही कर्मचाऱ्यांनी दुसरीकडे हलवलेली असताना, आपली गाडी दुरून ओळखता येते ती त्या काठावरूनच.