युद्धाच्या तोंडावरची ऐतिहासिक थरारकथा लिहिताय? या चुका टाळा

थरारकथेला 1817 सालचं पुणं आयतंच आहे. जुलै 1815मध्ये पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून होतो. संशय पेशव्यांचे मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांवर. त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात डांबतात, तिथून सप्टेंबर 1816मध्ये ते पसार होतात. पुढे जून 1817चा पेशवे-इंग्रजांमधला पुणे तह आणि 5 नोव्हेंबरला त्याच दोघांची खडकीची लढाई. एवढा मसाला असूनही हस्तलिखित मध्येच पेंगायला लागतं.

बहुतेक वेळा कारण एकच: पात्रांना पुढचं ठाऊक असतं. ऑक्टोबरातला कारकून 'आता पेशवाई बुडणार' म्हणाला की खेळ खलास. त्याच्या कानावर इतकंच आलंय की श्रीमंत, म्हणजे पेशवे दुसरे बाजीराव, फौज जमवताहेत ती पेंढाऱ्यांच्या लुटारू टोळ्यांसाठी. पंचांग उघडा. लढाई झाली अश्विन वद्यात, दिवाळी तीन-चार दिवसांवर असताना. एका ओसरीवर चकल्यांची भाजणी दळली जातेय आणि त्याच वाड्याच्या माजघरात सावकार थैल्या शिवून घेतोय, असं दाखवा. मग कुणी भाकीत करायची गरज उरत नाही. उपाय सोपा आहे: प्रत्येक प्रकरणाच्या समासात तारीख टाका आणि त्या दिवशी कोणाला काय कळलंय तेवढंच लिहा.

बातमी फार वेगाने पळते का, तेही तपासा. तारायंत्र नाही, जे काही येईल ते जासूद किंवा सांडणीस्वार आणणार. मुंबईची गोरी पलटण 30 ऑक्टोबरला पोचली, 1 नोव्हेंबरला पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने छावणी पुण्यातल्याच गारपिरावरून खडकीला हलवली. पलटण आधी पोचते की हल्ला आधी होतो, ही शर्यत इतिहासानेच लावून दिलीय. खोटा टाइमबॉम्ब कशाला?

किरकोळ वाटणाऱ्या चुका वाचक लगेच पकडतात. काड्यापेटी नको, चकमक हवी. धडाधड सहा गोळ्या झाडणारं रिव्हॉल्वर नको. चापाचं पिस्तूल एकच बार काढतं. 4 नोव्हेंबरच्या रात्री टिपूर चांदणं तर मुळीच नको, चंद्र उगवतो तोच मध्यरात्र उलटल्यावर.

त्रिंबकजींच्या सुटकेच्या प्रसंगात तलवारबाजी घुसडण्याचा मोह आवरा. ठाण्यात पहारा गोऱ्या शिपायांचा होता. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याची निगा राखता राखता गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतूनच त्रिंबकजींना निरोप पोचायचे, अशी हकीकत कलकत्त्याचा इंग्रज धर्मगुरू बिशप हेबरने नोंदवून ठेवलीय. गाण्याला वैतागलेला, मराठीचं अक्षरही न कळणारा पहारेकरी मला दहा द्वंद्वांपेक्षा भारी वाटतो.

इंग्रजांना सामील झालेल्या बाळाजीपंत नातूंना नुसता खलनायक करू नका, वाचक तसंही मत बनवूनच येतो. त्यांचा हिशेब त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आणि तहाची कलमं पानंच्या पानं उतरवू नका. मे 1817मध्ये इंग्रजांनी सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून मागितले होते. किल्ल्या सोपवायचा हुकूम वाचणारा एक किल्लेदार उभा केलात तर तेवढ्यात काम होतं.