लाकडी डायनिंग टेबल पाण्यापासून कसं जपाल?

टेबलावर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि दहा मिनिटं थांबा. थेंब टपोरे, जसेच्या तसे राहिले तर पॉलिश शाबूत आहे. पसरले आणि खालचं लाकूड गडद दिसायला लागलं, तर कोस्टर कितीही आणा, आधी नवा थर द्यायलाच हवा. रोजच्या वापराला पॉलियुरेथेन (वाळल्यावर प्लॅस्टिकसारखा टणक होणारं वार्निश) उत्तम. शेलॅकचं, म्हणजे लाखेपासून केलेलं फ्रेंच पॉलिश दिसतं देखणं, पण गरम भांडं आणि ओल दोन्ही त्याला सोसत नाही. थर देताना फळीची टोकं विसरू नका (हमखास विसरतात!). तिथे लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात आणि पाणी तिथूनच सर्वांत जास्त मुरतं.

प्लॅस्टिकचं कव्हर कायमचं घालू नका. खाली शिरलेली ओल वाळतच नाही.

पेल्याचा पांढरट गोल डाग उठला तर ओल बहुधा पॉलिशमध्येच अडकलेली असते. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून, एका जागी न थांबवता फिरवा. बरेचदा डाग जातो. काळा डाग मात्र लाकडापर्यंत पोचलेला असतो. तिथे घासून नव्याने पॉलिश करणं आलंच.