पाव मैलाची धाव आणि सात जणांचे कुटुंब: संगणकावर रचलेल्या व्हॅनची स्पर्धा कशी भरवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरची गाडी म्हटली की सात-आठ माणसे, यल्लम्माच्या डोंगराला जाताना घेतलेली गाठोडी, परतताना वाढलेले सामान आणि त्यावर घाटातला चढ एवढे सगळे तिने निमूटपणे झेपवावे अशी अपेक्षा असते. ओम्नी, सुमो, क्वालिस, इनोव्हा या गाड्यांवर येथील दोन पिढ्या वाढल्या आहेत. अशा जातीची गाडी स्वतः रचावी आणि ती सरळ रेषेत पाव मैल पळवावी, अशी स्पर्धा मित्रमंडळींत, महाविद्यालयात किंवा गणेशोत्सवात मंडळाच्या पडद्यावर संगणकाच्या साहाय्याने भरवता येते. तिचे नियम कसे ठरवावेत, गाडी कशी रचावी आणि धावा कशा घ्याव्यात हे पुढे सांगितले आहे. माझा सारा भर एका गोष्टीवर आहे: धाव जिंकल्यावरही ती गाडी कुटुंबाचीच राहिली पाहिजे. ही अट सुटली की स्पर्धेत व्हॅनचा फक्त पत्रा उरतो आणि आत शर्यतीची गाडी बसते.

या कामासाठी दोन खेळ लागतात. पहिला ‘ऑटोमेशन’, ज्यात सिलिंडरच्या व्यासापासून सायलेन्सरपर्यंत इंजिन रचता येते आणि मग त्याभोवती चासी, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, आसने आणि बाह्यांग उभे करता येते. दुसरा जर्मनीतील ब्रेमेन येथे तयार होणारा ‘बीमएनजी ड्राइव्ह’, ज्यात गाडीच्या प्रत्येक भागावरील ताण सेकंदाला 2000 वेळा मोजला जातो. ऑटोमेशनमध्ये रचलेली गाडी बीमएनजीमध्ये नेण्याची सोय 2018 पासून आहे. भाग घेणाऱ्याकडे केवळ ऑटोमेशन असले तरी चालते. दोन्ही खेळ आणि बऱ्यापैकी ताकदीचा संगणक फक्त आयोजकाकडे असावा लागतो. स्पर्धक आपल्या गाडीची फाइल पाठवतो आणि आयोजक सर्व गाड्या एकाच संगणकावर पळवतो, ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, कारण तीत कोणाचा संगणक महाग आहे याला काहीच महत्त्व राहत नाही.

खऱ्या रस्त्यावर हा प्रयोग कोणीही करू नये. राष्ट्रीय महामार्ग 48 कितीही मोकळा दिसला तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय मोटारींची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्या कोणाचे तरी कुटुंब जात असते.

नियम लिहिताना

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींत दातांवरून आदत, दुसा असे गट पाडतात, कारण कोवळ्या खोंडाला जाणत्या बैलासमोर जुंपणे म्हणजे शर्यत नव्हे. तसेच येथे गाडीचे साल आणि किंमत यांवरून गट पाडावेत. पहिल्या स्पर्धेसाठी एकच गट पुरे. गाडीचे आणि इंजिनाचे साल 2005 धरावे, म्हणजे डबल ओव्हरहेड कॅम (इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे) आणि बदलते व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ वेगानुसार बदलण्याची सोय) सर्वांना मिळते.

त्यानंतर कुटुंबाच्या अटी येतात आणि त्या लिहिताना अजिबात घाई करू नये. तीन रांगा आणि किमान सात पूर्ण आसने हवीत. सात माणसे बसतात असे कागदावर दाखवून मागची रांग लहान मुलांपुरती ठेवण्याची पळवाट अनेकांना सुचते, म्हणून ‘पूर्ण आसने’ हे शब्द नियमात हवेतच. अंतर्भाग किमान ‘स्टँडर्ड’ दर्जाचा असावा. वजन वाचवण्यासाठी ‘बेसिक’ घेतल्यास गाडी बाद करावी. सुरक्षितता, आराम, व्यवहार्यता आणि विश्वासार्हता यांचे गुण खेळ स्वतःच दाखवतो, त्यामुळे प्रत्येकाची खालची मर्यादा आकड्यात देता येते. हे आकडे मनाने ठरवू नयेत. आयोजकाने आधी स्वतः एक साधी, सरळमार्गी व्हॅन रचावी, तिला मिळालेले गुण पाहावेत आणि मर्यादा त्यांच्या किंचित खाली ठेवावी.

इंधन 91 ऑक्टेनचे सक्तीचे करावे, कारण आपल्या पंपावर वर्षानुवर्षे तेच साधे पेट्रोल मिळत असे, आणि ऑक्टेन कमी असले की इंजिन ठोके मारू लागत असल्याने कॉम्प्रेशन किंवा टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब बेसुमार वाढवता येत नाही. या एका अटीने निम्मा अतिरेक आपोआप थांबतो. अर्ध-स्लिक टायर (शर्यतीचे, जवळजवळ गुळगुळीत टायर) आणि लाँच कंट्रोल (सुटताना चाके घसरू न देणारी यंत्रणा) यांना मनाई असावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि किमान एक मफलर आवश्यक ठेवावा. इंधन किती लागते याचीही मर्यादा घालावी. तिचा उपयोग पुढे गिअरबॉक्सच्या वेळी कळतो. गुणवत्तेचे स्लायडर (खेळात प्रत्येक भागाचा दर्जा कमी-जास्त करण्याच्या सरकत्या कळा) मोकळे सोडले तर पैसा ओतणारा जिंकतो, म्हणून एकूण किमतीला वरची मर्यादा हवी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच पटते: कास्टिंग अधिक काटेकोर करता येते, पण त्याचा पैसा शेवटी गिऱ्हाइकाकडूनच येतो.

बाहेरून चिकटवायच्या शोभेच्या भागांची संख्याही मर्यादित ठेवावी, कारण असे भाग शेकड्यांनी लावलेली गाडी बीमएनजीमध्ये संगणकाला जड जाते. नियम मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत द्यावेत. गावोगावी मित्रमंडळी मिश्र असते आणि कोणाला नियमच नीट कळला नाही म्हणून त्याची गाडी बाद होणे योग्य नाही.

प्रत्येक गाडीसोबत अर्ध्या पानाचे टिपण मागवावे: ही गाडी कोणत्या कुटुंबासाठी आहे, त्यात कोण कोण बसते, ते वर्षभरात कोठे कोठे जाते. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी सरकता दरवाजा आणि खालचा तळ निवडला असेल, तर त्याला एकूण गुणांत वाटा द्यावा. माझ्या मते हा वाटा एक चतुर्थांशापेक्षा कमी असू नये.

गाडी रचताना

पाव मैल म्हणजे 402 मीटर. या अंतराला किती वेळ लागेल याचा ढोबळ अंदाज करण्याची जुनी रीत अशी: गाडीचे वजन किलोत घ्यावे, त्याला अश्वशक्तीने भागावे, आलेल्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याला 7.6 ने गुणावे. 796 सीसी इंजिनाच्या आणि सुमारे 35 अश्वशक्तीच्या ओम्नीला या हिशेबाने 21 ते 22 सेकंद लागतात. 1500 किलो वजन आणि 150 अश्वशक्ती असलेल्या व्हॅनची वेळ 16.4 सेकंदांच्या आसपास येते, आणि तिचेच वजन दीडशे किलोंनी उतरवले तर ती 15.8 पर्यंत खाली येते. घनमूळ असल्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी वेळ निम्मी होत नाही. म्हणूनच नुसत्या अश्वशक्तीमागे धावणारा स्पर्धक बहुधा मागे पडतो.

खरी लढाई पहिल्या 18 मीटरमध्ये असते. गाडी उंच असल्यामुळे सुटताना तिचे वजन मागे सरकते, आणि बहुतेक व्हॅन पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. उदाहरणार्थ 1500 किलोंच्या व्हॅनमध्ये पुढच्या चाकांवर 870 किलो भार आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून 70 सेंटिमीटरवर आहे आणि दोन आसांमधील अंतर 2.7 मीटर आहे असे धरू. ही गाडी गुरुत्वीय प्रवेगाच्या 0.4 पट प्रवेगाने सुटू लागली की सुमारे 155 किलो भार मागे जातो आणि पुढे 715 किलोच उरतात. टायरची पकड 0.9 धरली, तर त्या चाकांना 0.43 पटीपलीकडे गाडी ओढताच येत नाही. यापुढे वाढवलेला प्रत्येक घोडा सुरुवातीला फक्त टायर जाळतो. मागच्या चाकांनी ढकलली जाणारी व्हॅन मात्र सरकलेल्या वजनाचा फायदा घेते: निम्मे वजन मागे असेल तर तोच 155 किलोंचा भार मिळून मागील चाकांवर 905 किलो होतात. त्या बदल्यात मागच्या चाकांपर्यंत शक्ती नेणारा प्रोपेलर शाफ्ट तळाची जागा खातो, वजन वाढते आणि तिसऱ्या रांगेतल्यांचे पाय आखडतात. चारही चाकांना शक्ती दिल्यास पकड उत्तम मिळते, पण किंमत आणि इंधन दोन्ही वाढतात. यांतून निवड करताना आपल्या टिपणातील कुटुंब डोळ्यांसमोर ठेवावे.

पुढच्या चाकांची गाडी असेल तर मागची स्प्रिंग थोडी कडक ठेवावी, म्हणजे गाडी मागे कमी बसते. त्याने सरकणारे वजन फारसे कमी होत नाही, परंतु गाडी उचंबळत नाही आणि चाके जमिनीला नीट धरून राहतात. आराम कमी झाल्याचे गुण लगेच दिसतील. ते मर्यादेच्या वर राहतील इतपतच कडकपणा वाढवावा.

इंजिनात कमाल शक्तीपेक्षा मधल्या आरपीएममधील (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांमधील) भरीवपणा शोधावा. दोन लिटरचे चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले इंजिन या स्पर्धेला उत्तम वाटते. मोठा टर्बो आकड्यात आकर्षक दिसतो, पण दिवा हिरवा होतो त्या क्षणी त्यात दाब नसतो. कॅमचा स्लायडर फार वर नेल्यास कमी आरपीएमवरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) हरवतो. आलेखावर टॉर्कची रेषा रुंद पठारासारखी दिसू लागली की तेथेच थांबावे आणि कनेक्टिंग रॉड व पिस्टन यांवरचा ताण मर्यादेत असल्याची खात्री करावी.

गिअरबॉक्सवर बराच वेळ द्यावा. पाव मैलाच्या शेवटी आपली व्हॅन ताशी 135 किलोमीटरच्या आसपास असेल, आणि गिअर मात्र ताशी 210 साठी लावलेले असतील, तर वरचे गिअर वापरलेच जात नाहीत. गिअर असे आखडावेत की गाडी अंतिम रेषा वरच्या आरपीएमवर ओलांडेल आणि शेवटच्या काही मीटरांत गिअर बदलावा लागणार नाही. येथेच इंधनाची अट आडवी येते, कारण आखडलेल्या गिअरवर हुबळीपर्यंतचा प्रवास इंजिन रडवत करावा लागतो. पहिला गिअर मात्र फार आखूड नको. चाके जागेवर फिरत असल्याचे ऑटोमेशनच्या आलेखात दिसते, तेथपासून किंचित मागे यावे.

ऑटोमेशन पाव मैलाची स्वतःची वेळ सांगते. ती केवळ तुलनेसाठी वापरावी, कारण बीमएनजीमध्ये टायर आणि रस्ता यांचा हिशेब वेगळा होतो. ज्याच्याकडे दुसरा खेळ नाही त्याच्यासाठी आयोजकाने अंतिम तारखेआधी एक चाचणी धाव घेऊन द्यावी आणि तिचे चित्रण पाठवावे.

धावा घेताना

अंतिम तारीख आली की आयोजकाने दोन्ही खेळांची आवृत्ती तशीच राखावी आणि स्पर्धा संपेपर्यंत अद्ययावत करू नये. एका सुधारणेने टायरची पकड बदलली तर आधीच्या धावा निरर्थक ठरतात. बीमएनजीच्या वेस्ट कोस्ट यूएसए या नकाशात तयार ड्रॅग स्ट्रिप (सरळ रेषेतील शर्यतीची पट्टी) आहे. सर्व गाड्या तेथेच, एकाच हवामानात पळवाव्यात. गिअर बदलण्याची पद्धत सर्वांना ‘आर्केड’ ठेवावी, म्हणजे गिअर आपोआप पडतात. गाडी आणल्यानंतर ट्यूनिंगच्या पानावर कशालाही हात लावू नये.

वेळ खेळातील घड्याळावरच घ्यावी, मोबाइलच्या स्टॉपवॉचवर कधीही नाही. दोन जड गाड्यांचा भार संगणकाला झेपला नाही तर पडद्यावरचे जगच संथ होते, आणि बाहेरच्या घड्याळाने मोजलेली वेळ विनाकारण वाढते.

ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात तो दिव्यांचा खांब कसा चालतो हे प्रेक्षकांना आधी समजावून सांगावे. साध्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा लागतो. गाडीचे चाक सुरुवातीची रेषा सोडते तेव्हा तिचे स्वतःचे घड्याळ सुरू होते, त्यामुळे चालकाने हिरव्यानंतर घालवलेला वेळ धावेच्या वेळेत धरला जात नाही, मात्र शर्यतीत तो भोवतो. कमी वेळेत धावलेली गाडीही आधी सुटलेल्या गाडीमागे राहू शकते. हिरव्याआधी निघालेली गाडी बाद.

आधी प्रत्येक गाडीच्या दोन्ही मार्गिकांवरून एकेक अशा दोन धावा घ्याव्यात आणि चांगल्या वेळेवरून क्रम लावावा. मग पहिली विरुद्ध शेवटची, दुसरी विरुद्ध शेवटून दुसरी अशा जोड्या लावून बाद फेऱ्या खेळवाव्यात. स्पर्धक समोर बसून स्वतः चालवणार असतील तर संथ गाडीला आघाडी देण्याची रीतही वापरता येते. प्रत्येकाने आपली अपेक्षित वेळ आधी जाहीर करायची, एकाची 17.20 आणि दुसऱ्याची 15.90 असेल तर पहिल्याला 1.30 सेकंद आधी हिरवा मिळतो, आणि जाहीर वेळेपेक्षा लवकर पोहोचणारा बाद ठरतो. या रीतीने 35 अश्वशक्तीची गाडीही अंतिम फेरीपर्यंत जाऊ शकते, म्हणून गावातील मुलांच्या स्पर्धेला ती अधिक शोभते.

निकाल लावताना धावेच्या वेळेचे आणि टिपणाचे गुण शेजारी शेजारी मांडावेत, आणि बाद ठरलेल्या प्रत्येक गाडीचे कारण नियमाच्या क्रमांकासह लिहावे. शेवटी सर्व गाड्यांच्या फाइली, खेळांच्या आवृत्तीची नोंद आणि धावांचे चित्रण एकत्र ठेवून प्रत्येक स्पर्धकाला द्यावे, म्हणजे जिंकलेल्या गाडीचे इंजिन उघडून तिचे गिअर कसे लावले होते हे इतरांना पाहता येते आणि पुढच्या वेळचे नियम ठरवताना वाद आकड्यांवर घालता येतो.