श्रीनगर स्टेशनवरून फॅमिलीला घेऊन हिवाळ्यात गुलमर्गला कसं पोचायचं

जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि तेव्हापासून ओळखीतल्या निम्म्या लोकांचा गुलमर्गचा प्लॅन सुरू आहे. मला विचारायला येतात तेव्हा सगळे प्रश्न ट्रेनबद्दल असतात, चिनाब पूल कुठल्या खिडकीतून दिसतो, जेवण मिळतं का वगैरे. ट्रेनची अजिबात काळजी करू नका. काळजी करायची ती शेवटच्या १३ किलोमीटरची, टंगमर्ग ते गुलमर्ग. लहान मुलं, आजी-आजोबा आणि चार बॅगा घेऊन लोक तिथेच अडकतात आणि त्याबद्दल कोणी धड सांगत नाही, उलट "तिथे गेल्यावर मिळतं सगळं" असा सल्ला देतात. हा सल्ला एकट्या पोराला ठीक आहे, फॅमिलीला नाही.

कटऱ्यापर्यंत: मुंबईहून स्वराज एक्सप्रेस थेट कटऱ्याला जाते, पुण्याहून झेलम जम्मू तवीपर्यंत, तिथून पुढे कटऱ्याला जायचं. कटऱ्याला एक रात्र थांबा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची श्रीनगर गाडी घ्या, लांब पल्ल्याची गाडी लेट होणार हे धरूनच चालायचं, त्याच दिवशीचं कनेक्शन लावू नका. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते तो वार तिकीट काढतानाच बघून घ्या. स्टेशनवर तपासणी कडक असते, सगळं सामान स्कॅन होतं, त्यामुळे लवकर जा आणि सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा.

पुढचे साधारण तीन तास मजेचे आहेत. चिनाब नदीपासून ३५९ मीटर उंचीचा पूल, मग बोगद्यांमागून बोगदे, बनिहालनंतर ११ किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा. तो संपला की काश्मीर खोरं. हिवाळ्यात बोगद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू दिसू शकतात, मुलांना झोपू देऊ नका.

फोन: घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड सिम हवंच. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड कार्डं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. हॉटेलचा आणि ड्रायव्हरचा नंबर कागदावर पण लिहून ठेवा.

श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, शहराच्या बाहेर, आणि आपल्याला हेच सोयीचं पडतं कारण बायपासने परिमपोरा, नारबल, मागाम करत शहरात न शिरताच टंगमर्गला जाता येतं. गुलमर्ग इथून साधारण ५० किलोमीटर. नकाशावर मझोम नावाचं स्टेशन गुलमर्गच्या रस्त्याला जवळ दिसेल आणि कोणीतरी हुशार माणूस तुम्हाला सांगेल की लोकल ट्रेनने तिथे उतरा, पैसे वाचतील. सामान आणि मुलं घेऊन छोट्या स्टेशनवर थंडीत गाडी शोधत उभं राहण्यात काही वाचत नाही. श्रीनगरलाच उतरा, गाडी आधी ठरवलेली असू द्या.

आता मुख्य गोष्ट.

टंगमर्ग हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथून रस्ता देवदार आणि पाइनच्या जंगलातून वळणं घेत वर २,६५० मीटरवर जातो. बर्फ पडलेला असला की टंगमर्गच्या पुढे चेन (चाक बर्फावर घसरू नये म्हणून त्यावर गुंडाळायची साखळी) लावलेल्या किंवा फोर बाय फोर (चारही चाकं ओढणाऱ्या) गाड्यांनाच सोडतात, बाकीच्या तिथेच थांबवतात. म्हणजे तुम्ही श्रीनगरहून केलेली ऐसपैस गाडी "गुलमर्ग" म्हणून ठरवली असली तरी ती तुम्हाला टंगमर्गच्या स्टँडवर उतरवू शकते, आणि ड्रायव्हर त्यात खोटं काही करत नसतो, त्याला वर जाताच येत नाही. आमच्याबरोबर पहिल्या खेपेला हेच झालं. सामान बर्फाच्या चिखलात, सासूबाई एका दुकानाच्या फळीवर बसलेल्या, धाकटी रडते आहे, आणि आजूबाजूला दहा माणसं एकाच वेळी बोलतायत, कोणी सुमो म्हणतंय, कोणी गमबूट, कोणी गाइड. अशा वेळी माणूस ठरवत नाही, फक्त हो म्हणत जातो.

म्हणून गाडी बुक करतानाच, फोनवरच, तीन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, बर्फ असेल तर तुमची गाडी हॉटेलच्या दारापर्यंत जाणार की टंगमर्गपर्यंत? नुसतं "गुलमर्ग जाएगी" हे उत्तर धरू नका, "टंगमर्ग के ऊपर जाएगी क्या, बर्फ में" असंच विचारा. दोन, टंगमर्गपर्यंतच असेल तर पैसे त्याच हिशोबाने किती? तीन, वरची गाडी कोण देणार? माझं स्पष्ट मत, वरची गाडी हॉटेललाच सांगायची. गुलमर्गच्या बऱ्याच हॉटेलांची स्वतःची किंवा ओळखीची चेनवाली गाडी असते आणि टंगमर्गहून घ्यायला पाठवतात, थोडे जास्त घेतील, देऊन टाका. ज्या दिवशी मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर आहेत त्या दिवशी तिथे पाचशे रुपये वाचवायला जाऊ नये.

हॉटेलने नाही म्हटलं तर टॅक्सी स्टँडवर जा. जो माणूस तुमच्या गाडीच्या खिडकीला येऊन चिकटतो त्याच्याशी नाही, स्टँडवर युनियनचे दर विचारा, पूर्ण गाडीचा की माणशी ते विचारा, आणि बसायच्या आधी ठरवा की पार्किंगपर्यंत की हॉटेलपर्यंत. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. गुलमर्ग म्हणजे एक मोठं वाटीसारखं मैदान आणि हॉटेलं त्याच्या कडेने विखुरलेली, पार्किंगपासून तुमचं हॉटेल एक-दीड किलोमीटर लांब असू शकतं आणि बर्फात चाकांची बॅग ओढता येत नाही. चाकांची बॅग आणूच नका खरं तर, सॅक आणा. पार्किंगला स्लेजवाले (बर्फावरून ओढायची लाकडी घसरगाडी) भेटतील, आजींना किंवा सामानाला स्लेज हवी असेल तर जरूर घ्या, त्यांचं तेच पोट आहे, पण भाव आधी ठरवा आणि मुलांना एकटं बसवून पुढे पाठवू नका.

गाडीत बसण्याआधी चाकांना चेन स्वतः बघा. डिकीत आहे म्हणाला तर डिकी उघडायला सांगा. फोर बाय फोर आहे म्हणून चेन लागत नाही असं कोणी म्हणालं तर माझा त्याच्यावर विश्वास नाही, चढताना चारही चाकं ओढतात हे खरं पण गोठलेल्या उतारावर ब्रेक मारला की पकड लागते ती चेनचीच. चेनचा खडखडाट खूप होतो आणि गाडी हळू चालते, मुलांना आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरत नाहीत.

आणि वेळ. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, दिवसभर वितळलेलं पाणी संध्याकाळी रस्त्यावर गोठायला लागतं आणि तेव्हा तो घाट फॅमिलीसाठी नाही. दुपारी तीनपर्यंत टंगमर्ग सोडलेलं असावं. सकाळच्या ट्रेनने आलात, वाटेत मागामला गरम जेवलात तरी हे आरामात जमतं. पण लोक काय करतात, "आलोच आहोत तर दल लेक बघून जाऊ" म्हणून श्रीनगरात शिरतात, शिकारा होतो, शॉपिंग होते आणि टंगमर्गला अंधार. दल कुठे पळून जात नाही, परत येताना बघा. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां असतो, सगळ्यात कडक थंडीचा काळ, त्यात तर हा नियम अजिबात मोडू नका. उशीर झालाच तर टंगमर्गलाच खोली घेऊन रात्र काढा, सकाळी वर जा.

टंगमर्गला भाड्याने काय घ्यायचं? मुलांकडे वॉटरप्रूफ बूट आणि नीट जॅकेट असेल तर काही नाही. नसेल तर गमबूट घ्या, तेवढंच. स्की आणि स्कीचे बूट खालून घेऊ नका, बूट पायात घालून, वाकून, चालून बघायचे असतात आणि ते वर उताराजवळच होतं, सैल निघाले तर लगेच बदलता येतात. गाइड सक्तीचा आहे असं सांगतील, गुलमर्गला पोचायला कुठलाही गाइड लागत नाही.

वळणांवर मुलांना उलटी होतेच, आलेपाक आणि एक रिकामी पिशवी हातात ठेवा, बॅगेत नाही.

गोंडोलाचं (गुलमर्गच्या केबल कारचं) तिकीट ऑनलाइनच मिळतं, घरूनच काढा.

हॉटेलला पोचल्यावर पहिला दिवस काही करू नका, विशेषतः आजी-आजोबांनी. गरम पाणी प्या, बुखारीजवळ (खोली गरम करायची शेगडी) बसा.

परतीचं आत्ताच ठरवा. गुलमर्गहून उतरून त्याच दिवशी सकाळची ट्रेन पकडायचा प्लॅन मी कोणालाही करू देत नाही. रात्री बर्फ पडला तर रस्ता साफ होईपर्यंत गाड्या सोडत नाहीत, आणि मशीन किती वाजता येईल ते तुमच्या हातात नाही. आदल्या दिवशी दुपारी खाली या, श्रीनगरला मुक्काम करा, तेव्हा दल बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा असल्या तर चेनवाल्या गाड्यांची मारामार असते, त्या दिवसांत उतरायची गाडी वर पोचल्याच्या संध्याकाळीच हॉटेलला सांगून ठेवा आणि ड्रायव्हरचा नंबर मागून घ्या.