कोळशाच्या साठ्याची बातमी कशी वाचायची, आपल्या दीपनगरच्या हिशोबाने

कोळशाची बातमी आली की ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात, एकजण म्हणतो पावणेचारशे वर्षं पुरेल, दुसरा म्हणतो चारच दिवसांचा उरलाय, आणि कात्रण दोघांकडेही असतं. म्हणून भाऊ, आधी एवढंच बघा की आकडा जमिनीखालच्या कोळशाचा आहे की वीज केंद्राच्या यार्डात पडलेल्या कोळशाचा.

जमिनीखालचा असेल तर तो बहुतेक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा असतो. 1 एप्रिल 2023 ला तो साधारण 378 अब्ज टन होता. पण यातला अर्ध्याहून थोडाच जास्त कोळसा भरपूर बोअर मारून पक्का केलेला आहे, बाकीचा अंदाजाचा. पक्क्यातलाही सगळा निघत नाही, वर गाव असतं, जंगल असतं, नदी असते, काही थर फारच खोल असतात. त्यामुळे 378 ला वर्षाच्या एक अब्ज टनांनी भागून वर्षं काढू नका (2024-25 मध्ये देशाने एक अब्जाच्या वरच काढला, आणि मागणी अजून वाढतेच आहे). आपल्या खान्देशात तर काळा बेसाल्ट, इथे खाणी नाहीत, महाराष्ट्रातला कोळसा चंद्रपूर, वणी, नागपूरकडचा.

मग ग्रेड बघा. जी-1 ते जी-17 अशा प्रती आहेत, जी-1 म्हणजे किलोला 7000 किलोकॅलरीच्या वर उष्णता आणि जी-17 म्हणजे 2500 च्याही आत. आपल्या देशातल्या कोळशात राख 30 ते 45 टक्के निघते, म्हणजे गाडीभर कोळसा आला तरी त्यातला बराचसा भाग जळणारच नाही. टन मोजणाऱ्या बातमीत ही गोष्ट येतच नाही, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता यार्डातला साठा, आपल्या लाईटीचा खरा संबंध याच्याशी. हिशोब घरी करता येतो. दीपनगरच्या (भुसावळजवळच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या) 500 मेगावॅटचा वीज बनवणारा एक संच पूर्ण ताकदीने 24 तास चालला तर 1 कोटी 20 लाख युनिट होतात, एका युनिटला साधारण 650 ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला 7800 टन, आणि एका रेकमध्ये, म्हणजे एका अख्ख्या मालगाडीत, बसतो जवळपास 4000 टन, म्हणजे एका संचाला रोज दोन रेक लागतात आणि असे दोन संच तिथे आहेत, शिवाय बाकीचे वेगळे. भुसावळच्या लाईनवर गाड्या तुंबल्या की काय होत असेल ते यावरून समजा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या वेबसाईटवर रोजचा कोळसा रिपोर्ट असतो, त्यात केंद्राचं नाव शोधा आणि टन सोडून ठरलेल्या साठ्याच्या किती टक्के कोळसा आहे ते वाचा. खाणीपासून लांब असलेल्या दीपनगरसारख्या केंद्रांना 20 ते 26 दिवसांचा साठा ठेवायचा नियम आहे, खाणीच्या तोंडाशी असलेल्यांना 12 ते 17. ठरलेल्या साठ्याच्या पाव भागाखाली गेलं की क्रिटिकल. ऑक्टोबर 2021 मध्ये देशाची सरासरीच चार दिवसांवर आली होती, तेव्हा जमिनीखाली मात्र शेकडो अब्ज टन होतेच.

सोलरवाले विचारतील की साक्रीला 125 मेगावॅटचा प्रकल्प आहे, मग कोळसा कशाला? दिवसा पंप सोलरवर चालावेत असं मलाही मनापासून वाटतं, रात्री बिबट्याच्या भीतीत केळीला पाणी भरायला कोणी का जावं! पण संध्याकाळी सात वाजता ऊन नसतं आणि घराघरात लाईट लागते, देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावरच निघते, वीज साठवायची सोय मोठी होईपर्यंत हे असंच राहणार.

तर रिपोर्ट बघायची सवय ऑगस्ट-सप्टेंबरलाच लावा, पावसाने उघड्या खाणीत पाणी भरतं, साठा घसरतो आणि नेमकं त्यानंतर रब्बीचे पंप सुरू होतात. कोळसा महाग पडला की घरच्या बिलात 'इंधन समायोजन आकार' या ओळीत ते दिसतं, ती ओळ मागच्या महिन्याच्या बिलाशी लावून बघा.