खुर्चीला आव्हान देताना या चुका टाळा

‘तो त्या खुर्चीवर बसलाच कसा?’ असं तिठ्यावर कुणीही विचारतो. गोव्यात पर्वरीला उच्च न्यायालयात विचारायचं तर आधी दार नीट निवडावं लागतं.

आमदाराच्या निवडीलाच हरकत असेल तर निवडणूक याचिका हाच मार्ग. ती उमेदवार किंवा मतदार करू शकतो. मुदत निकालापासून ४५ दिवस; शपथविधीपासून मोजणारे इथेच फसतात. गोवा विधानसभेचा २०२२ चा निकाल १० मार्चला लागला. पंचेचाळिसावा दिवस २४ एप्रिल, रविवार. म्हणजे सोमवारची याचिका चालली असती, मंगळवारची बाद. उशीर माफ करण्याची सोयच लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाही. सोबत २,००० रुपये अनामत भरायचीच. ती राहिली तर याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला गत्यंतर नसतं. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येकीवर ‘खरी प्रत’ म्हणून खुद्द याचिकादाराची सही. पंच-नगरसेवकांचे कायदे वेगळे, त्यांच्या मुदतीही वेगळ्या. हे ४५ दिवस तिथे लावू नका.

पद नेमणुकीचं असेल तर संविधानाच्या कलम २२६ खाली अधिकारपृच्छा, म्हणजे ‘कुठल्या अधिकाराने या पदावर बसलास?’ असं विचारणारी याचिका; वकिलांच्या तोंडचं ‘को वॉरंटो’. ‘माणूस नालायक आहे’ एवढ्यावर ती टिकत नाही. नेमणुकीचा आदेश आणि पात्रतेचे नियम आधी माहिती हक्कात मागवा आणि कुठला नियम मोडला ते बोट ठेवून दाखवा. गोव्याच्या कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त ताबा होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ठणकावलं की सरकारी पदावरच्या व्यक्तीला हे काम देता येत नाही. गंमत म्हणजे तो वाद मुळात नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा होता.

‘त्याला काढा, मला बसवा’ ही मागणी यात घुसडू नका. ही याचिका खुर्ची रिकामी करते, भरत नाही.

उशीर झाला म्हणून अधिकारपृच्छेत लगेच हातपाय गाळायचं कारण नाही. गोव्याचे राजकारणी डॉ. काशिनाथ जल्मी यांच्या १९९३ च्या प्रकरणात, पद बेकायदा बळकावलेलं असेल तर निव्वळ विलंबावरून दार बंद करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण खुर्चीवरच्या माणसाची मुदत संपून तो पायउतार झाला, तर काढायचं कुणाला?

आणखी एक गैरसमज: माणूस पदावरून गेला की त्याच्या सह्याही गेल्या. तसं होत नाही. पदावर असताना केलेली कामं सहसा वैधच राहतात. त्याच्या सहीच्या दाखल्यावर हरकत असेल, तर दोष त्या दाखल्यातच शोधावा लागतो.